जावईबापूंचा गाल आणि माझं ग्लायकॉल

आदरणीय विहीणबाई यांस,

मुलीच्या बापाचा वाकून नमस्कार. वाकून अशासाठी की कंबर धरली आहे. मला राग आला की तो आधी कंबरेत जातो आणि मग तोंडात येतो, आणि सध्या त्याची ये-जा सारखी चालू आहे. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा करतो. व्याह्यांनी कानाला यंत्र बसवल्याचं कळलं. त्यांचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे ठरवता येत नाही, कारण घरात काय काय बोललं जातं ते त्यांना इतक्या वर्षांनी एकदम ऐकू येणार. त्यांना म्हणावं, यंत्राचा आवाज हळूहळू मोठा करा. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर मी कामावरून घरी बसलो आहे, तुमची सून माझ्याशी परक्यासारखी वागते आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी तुमचे चिरंजीव आहेत. तुमच्यावर माझा राग नाही. (आहे. पण तो जरा पुढे येईल.) फोनच केला असता, परंतु रागात बोलायला लागलो की मला ठसका लागतो आणि नेमकं तेव्हाच तुम्ही "बरं, ठेवते मग" म्हणता. पत्राला ठसका लागत नाही आणि ते मध्येच ठेवलं तरी पुन्हा उचलता येतं.

माझं काम काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चाललो असतो. पण मागे एका समारंभात तुम्ही "आमचे व्याही रंगकाम करतात" अशी माझी ओळख करून दिलीत आणि त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या जिन्याच्या भिंतीला आलेल्या ओलीबद्दल विचारलं, म्हणून एकदा स्वच्छ सांगतो. मी नाटकातल्या माणसांचे चेहरे रंगवतो. रंगमंचाच्या मागे पायऱ्या उतरून गेलं की एक बसकी खोली लागते. तिला आम्ही रंगपट म्हणतो. तिथे दिव्यांची चौकट असलेला आरसा आहे, त्यातला एक दिवा कायम डोळा मारतो. एक उंच खुर्ची आहे, तिची गादी फाटून आतला काथ्या बसणाऱ्याला टोचतो, त्यामुळे नट ताठ बसतात आणि मला काम सोपं जातं. आणि एक फळी आहे. त्या फळीवर माझी सगळी हयात बाटल्यांत भरून उभी आहे.

त्या फळीवर उजव्या हाताला जी मोठी बाटली आहे, ती प्रोपिलीन ग्लायकॉलची. (नाव घाबरवणारं आहे हे कबूल. माझ्या आत्याचंही होतं, पण ती स्वभावानं गरीब होती.) दिसायला पाण्यासारखं, ओतायला पातळ पाकासारखं, वास नाही, रंग नाही. दोन कामं करतं. एक म्हणजे भुकटीतला रंग आपल्यात नीट विरघळवून आणि मिसळून घेतं. दुसरं म्हणजे आजूबाजूचा ओलावा ओढून चेहऱ्यावर धरून ठेवतं, म्हणजे प्रखर दिव्यांखाली नट तीन अंक ओरडला, रडला आणि मेला तरी त्याचा गाल लोण्यासारखा मऊ राहतो. तुम्ही तोंडाला जे रात्री लावता त्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा, त्यातही बहुधा हेच किंवा याचंच एखादं भावंड सापडेल. मी कधी त्यावरून तुम्हाला काही बोललो?

आता जावईबापू. ते आमच्या कंपनीत पहिल्यांदा आले तेव्हा गर्दीतले होते. भाला धरून मागे उभं राहायचं आणि राजा मेला की इतरांबरोबर हळहळायचं, एवढंच काम. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला, कारण त्यात हनुवटी अशी नव्हतीच. ओठ संपले की थेट गळा. ती हनुवटी मी दिली. (गैरसमज नसावा, बाकीचं सगळं तुम्हीच दिलंत आणि उत्तम दिलंत.) गालाखाली गडद छाया, मध्ये उजळ ठिपका, बोटानं पसरवायचं. त्या दिवसापासून दिग्दर्शकाला त्यांच्यात नायक दिसायला लागला. माझी कन्या तेव्हा सुट्टीत माझ्या हाताखाली स्पंज धुवायला यायची, तिलाही त्यांच्यात काहीतरी दिसायला लागलं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, पोरी, रात्री घरी गेल्यावर ते तोंड धुणार आहेत, एवढं लक्षात ठेव. ती म्हणाली, "बाबा, मी धुतलेलंच पाहिलंय." म्हणजे बघा, माझी मुलगी गेली, माझी हनुवटी गेली, आणि त्या बदल्यात मला काय मिळालं, तर गेल्या आठवड्यात सगळ्या कंपनीसमोर झालेला पाणउतारा.

झालं असं. संध्याकाळी प्रयोग होता. नायिका केस विंचरून घेत होती, दिग्दर्शक दारात उभा राहून चहा पीत होता (तो सगळ्यांना 'माझ्या राजा' म्हणतो, नावं लक्षात राहत नाहीत म्हणून), आणि धुराचं यंत्र चालवणारे आमचे ढगकाका कोपऱ्यात बसून पायमोजा रफू करत होते. मी नेहमीप्रमाणे बेस, म्हणजे चेहऱ्याचा पहिला थर, घोटून बोट जावईबापूंच्या गालाजवळ नेलं, तर त्यांनी मान मागे घेतली. मी पुढे गेलो, ते आणखी मागे गेले. शेवटी खुर्ची तिरकी झाली.

"यात ग्लायकॉल आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहेच की. तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून आहे."

"गाडीच्या इंजिनात घालतात ते. थंडीत पाणी गोठू नये म्हणून. तुम्ही ते माझ्या तोंडाला लावता?"

ढगकाकांची सुई पायमोज्यात अर्ध्यावरच थांबली. नायिकेनं फणी खाली ठेवली आणि स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी शांतपणे सांगितलं, की जावईबापू, गाडीत मुख्यतः घालतात ते एथिलीन ग्लायकॉल, ते विषच आहे. हे प्रोपिलीन. आडनाव एक असलं म्हणून माणूस एक होत नाही. तुमच्या गल्लीत एकाच आडनावाचे दोघं राहत होते, एक तुरुंगात गेला आणि दुसरा तुमच्या मुंजीच्या वयापासून तुम्हाला गणित शिकवत होता, तेव्हा पोलिसांनी मास्तरांना धरून नेलं का? यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक तुकतुकीत मुलगी आपल्याच गालाला चिमटे काढत सांगत होती की ज्याच्या नावाच्या शेवटी 'ल' येतो असं काहीही तोंडाला लावू नका.

मी म्हटलं, "मग गालाचं काय करायचं? त्याच्याही शेवटी 'ल' आहे."

दिग्दर्शक हसला. जावईबापू हसले नाहीत. (हा व्हिडिओ त्यांना कुणी पाठवला, असं मी विचारलं नाही. वरच्या बाजूला 'आई' असं लिहिलेलं होतं आणि पुढे तीन घाबरलेली तोंडं होती, तेवढं मात्र मला चष्म्याशिवाय दिसलं. विहीणबाई, तुम्ही काळजीपोटी पाठवला असणार. काळजी करावी. परंतु पाठवण्याआधी एकदा मला विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी काय त्यांना आजवर डांबर फासत होतो?) नंतर त्यांनी शर्टाची कॉलर खाली ओढून गळा दाखवला. जबड्याच्या कडेनं कानापर्यंत लाली होती, बारीक पुरळ होतं. "हे बघा," ते म्हणाले. मी पाहिलं आणि सांगितलं, की घाईघाईत उलटा वस्तरा फिरवला की असंच होतं, पातं बदला. यावर ते ताडकन उठले आणि म्हणाले, की यापुढे ग्लायकॉलचा एक थेंब असलेलं काहीही त्यांच्या चेहऱ्याला लागणार नाही, लागलं तर ते प्रयोग करणार नाहीत. दिग्दर्शकानं चहाचा कप माझ्याच फळीवर ठेवला आणि म्हणाला, "माझ्या राजा, त्यांना हवं तसं दे. तेवढ्यावरून नाटक नको."

नाटक नको! नाटकाच्या कंपनीत!

त्या दिवसाचा प्रयोग त्यांनी तोंड धुऊन, कोरड्या पावडरीवर केला आणि दुसऱ्या बाकापासून मागे त्यांना कुणी ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. मी सकाळीच रंगपटात जाऊन बसलो आणि त्यांना हवं तसं करायला घेतलं. जस्ताची पांढरी पूड घेतली, गेरू घेतला, पिवळी माती घेतली, थोडा डिंक घेतला, आणि नळाचं शुद्ध पाणी. छान खलून, चाळून, दाट केलं. जावईबापूंनी वाटी नाकाशी नेऊन वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "याला कसा मातीचा वास येतो," म्हणाले. मी म्हटलं, "मातीच आहे." लावून झाल्यावर ते आरशात पाहत राहिले. दिसतही होतं झकास, अगदी देवळातल्या मूर्तीसारखं. आता तुम्ही विचाराल, दिव्यांच्या उष्णतेत त्याचं काय होणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. तळ्यातलं पाणी आटलं की तळाचा गाळ कसा होतो, ते कुणाला ठाऊक नसतं? पण त्यांनी 'थेंब नको' म्हटलं आणि मी एक थेंब घातला नाही. शब्दाचा पक्का माणूस आहे मी.

आमचं सध्याचं नाटक एका खलाशाचं आहे. पहिल्या अंकात तो तरणाबांड असतो, बंदरावरच्या दिवेवाल्याच्या मुलीला परत येण्याचं वचन देतो आणि जहाजावर चढतो. मधल्या अंकात तो नसतोच, तेवढ्यात मी त्याला म्हातारा करतो. शेवटच्या अंकात तो धुक्यातून परत येतो आणि ती त्याला ओळखत नाही. फार रडवणारं आहे. मी विंगेत उभा राहून पाहत होतो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग दिवे तापले. आधी कपाळावर एक बारीक रेघ आली, भिंतीला येते तशी. जावईबापूंना ती जाणवली असावी, कारण ते भुवई न हलवता बोलायला लागले. मग ओठ न हलवता बोलायला लागले. दिवेवाल्याची मुलगी त्यांचे दोन्ही हात धरून म्हणते, "एकदा हस माझ्याकडे बघून, मग जा." हे वाक्य नाटकात आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. ते हसले. विहीणबाई, माणसाचा चेहरा पडतो असं आपण म्हणतो. मी तो खरोखर पडताना पाहिला. डावा गाल एका तुकड्यात निघाला आणि थेट तिच्या तळहातावर आला.

ती पोरगी मोठी समयसूचक. तिनं तो तुकडा छातीशी धरला आणि म्हणाली, "हा मी जपून ठेवीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी जावईबापूंचं कपाळ हादरलं आणि तेही निसटलं.

मधल्या अंकात ते खाली आले आणि खुर्चीत बसले. मी सुटत आलेले कपचे तेवढे खरवडत होतो. आरशात ते माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्या कानाकडे पाहत होतो. गळ्याची लाली आता चांगलीच चिडली होती. खरवडताना त्यांना झोंबत असणार, पण त्यांनी या वेळी मान मागे घेतली नाही.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत तेच केलं."

"मी तुम्हाला बाबा म्हणतो."

"आणि इंजिनवालाही म्हणता," मी म्हटलं.

(या ठिकाणी मी गप्प बसायला हवं होतं असं माझ्या कन्येचं मत आहे. तुमचंही तेच असेल. सर्वांचं तेच आहे.) म्हातारपण काढायला मला फार काही करावंच लागलं नाही. त्या सुकलेल्या मातीतच सुरकुत्या अशा पडल्या होत्या की मी जन्मभर पेन्सिलीनं काढल्या असत्या तरी तशा आल्या नसत्या. एका परीक्षकानं वर्तमानपत्रात 'वार्धक्याची इतकी प्रत्ययकारी रंगभूषा क्वचितच पाहायला मिळते' असं लिहिलं आहे. ते कात्रण मी फाडून टाकलं. चांगलं काम केल्यावर या माणसानं कधी एक ओळ लिहिली नव्हती.

आता शेवटचा अंक. इथून पुढचं मी भरभर लिहितो, कारण मला ठसका येतोय. (पत्रातही येतो, हे आत्ता कळलं.) शेवटच्या अंकात बंदरावर धुकं पडलेलं असतं. ते धुकं ढगकाका एका यंत्रातून सोडतात. यंत्राच्या टाकीत एक द्रव ओततात, तो तापतो आणि पांढरे लोट बाहेर पडतात. तो द्रव कशाचा असतो, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी रागानं फणफणत विंगेत उभा होतो, पायाशी ढगकाकांचा डबा होता, आणि काही करायला नव्हतं म्हणून मी डब्यावरची अक्षरं वाचली. पाणी आणि ग्लायकॉल. माझंच ग्लायकॉल! माझ्या फळीवरचं, तेच, प्रोपिलीन! आणि समोर जावईबापू त्या ढगात कमरेएवढे बुडून उभे. ज्याचा थेंब गालाला लागला तर प्रयोग बंद, त्यात रोज संध्याकाळी हा माणूस आंघोळ करत होता! त्याच क्षणी ते दोन्ही हात पसरून म्हणाले, "हे धुकं माझ्या ओळखीचं आहे. ते मी छातीभर घेतलं आहे." आणि डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला.

मी ओरडलो, "घ्या! छाती भरून घ्या! ते सगळं ग्लायकॉल आहे!"

माझी सगळी हयात नाटकात गेली, परंतु प्रयोगात प्रेक्षकांच्या कानावर पडलेलं माझं हे पहिलंच वाक्य, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचलं असं सगळे म्हणतात. मागच्या एका बाईंनी शेजारणीला 'ग्लायकॉल हे त्या बंदराचं नाव असावं' असं सांगितलं म्हणे. जावईबापूंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि घेतलेला श्वास सोडलाच नाही. पुढचं सबंध स्वगत त्यांनी त्या एका श्वासात, नाक दाबून म्हटलं. खलाशी इतक्या वर्षांनी परत येतो तो सर्दी घेऊनच. दिवेवाल्याच्या मुलीनं त्यांना ओळखायचं नसतंच, पण ती पाठ फिरवून हसत होती. माझ्या ओरडण्यानं ढगकाका दचकले आणि त्यांचं कोपर खटक्यावर पडलं. मग जे धुकं सुटलं ते रंगमंचावरून उतरलं, पहिल्या रांगेत शिरलं, मधल्या वाटेनं वर गेलं. माणसं दिसेनाशी झाली. कुणी कुणाच्या मांडीवर बसलं, कुणी माफी मागितली, कुणी मागितली नाही. आगीची घंटा वाजायला लागली. पडदा पाडा म्हणून दिग्दर्शक ओरडत होता, परंतु दोरी कुठे आहे तेच पडदेवाल्याला दिसेना. धूर विरला तेव्हा रंगमंचावर जावईबापू एकटेच उभे होते, तोंडावरची माती गळ्यापर्यंत ओघळलेली, आणि प्रेक्षागृह रिकामं.

दिग्दर्शकानं मला बाहेर नेलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या राजा, थोडे दिवस घरी विश्रांती घे." विश्रांती! माझ्या जागी त्यानं एक मुलगी आणली आहे. ती बोटानं रंग लावत नाही, नळीनं फवारते, शेतावर फवारतात तसं. नट डोळे मिटून उभे राहतात आणि ती त्यांच्याभोवती फिरते. माझ्या फळीवर तिनं तिचा पाण्याचा बाटला ठेवला आहे, असं ढगकाका सांगत होते. त्यांना सांगताना वाईट वाटत होतं, तरी त्यांनी सगळं सांगितलं.

याउप्पर कन्या. तुम्हाला कल्पना आहे की ती लहानपणापासून मला 'ए बाबा' म्हणते, चारचौघांतही म्हणते, आणि मला ते आवडतं. त्या दिवशी ती प्रेक्षकांत होती. घरी आली, चप्पल काढली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

तुम्ही! विहीणबाई, मी नाटकात भरपूर शिव्या ऐकल्या आहेत, परंतु 'तुम्ही' इतकं कधी लागलं नव्हतं. तेव्हापासून मी तुम्हीच आहे. फोन करते, "तुमची औषधं आहेत ना," म्हणते, ठेवते. तर माझी मागणी एवढीच, की तुम्ही आई या नात्यानं चिरंजीवांना खडसावून लिहावं, की त्यांनी सर्व कंपनीसमोर माझी माफी मागावी, त्या फवारणीवालीला घालवावं, आणि माझी फळी मला परत द्यावी. सासऱ्याला इंजिनवाला ठरवणाऱ्या माणसाला मी जावई म्हणून ओळखतो, पण नट म्हणून ओळखत नाही. इथेच थांबतो. राग अजून पुष्कळ शिल्लक आहे, पण या बाजूची शाई दुसऱ्या बाजूला उमटायला लागली आहे. व्याह्यांना नमस्कार, आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू नये.

आपला,
मुलीचा बाप

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं एवढ्यात कन्या आली. बसली नाही. मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात जावईबापूंची पाठ होती. कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या बारीक चौकोनी पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या आणि दोन दिवसांनी काढल्या. सगळे चौकोन गोरेपान होते, एक तेवढा लालबुंद फुगला होता. मी विचारलं, "हा कशाचा?" ती म्हणाली, "तुम्हीच ओळखा." शंभरातल्या एखाद्दुसऱ्यालाच हे सोसत नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे, आणि तो एखाद्दुसरा मी जावई म्हणून आणला. मग ती म्हणाली, "त्यांना कितीतरी दिवस खाजत होतं. बाबांना कसं सांगू, त्यांना लागेल, असं रोज म्हणायचे. तो व्हिडिओ आला तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या तोंडून नको, त्या मुलीच्या तोंडून जाऊ दे." हे पत्र फाडून टाकावं असं माझ्या मनात आलं होतं. पण इतका राग पुन्हा एके ठिकाणी जमेल याची खात्री नाही, म्हणून पाठवतो आहे. इंजिन म्हणाले ते मात्र चूकच होतं, ते मी सोडणार नाही.

ता. ता. क. पत्रासोबत एक पुडकं आहे, त्यात कापसात गुंडाळलेली बरणी आहे. ती उलटी धरू नका. तिच्यात बेस आहे, जावईबापूंच्या रंगाचा. ग्लायकॉलऐवजी ग्लिसरीन घातलं आहे, त्यांच्या पाठीवर तोही चौकोन होता आणि तो गोरा निघाला, हे मी फोटो मोठा करून पाहून घेतलं. सारखा बिनसत होता, चिकट तरी व्हायचा नाहीतर चमकायचा. माझ्या दोन्ही गालांवर आणि शेजाऱ्यांच्या एका गालावर लावून पाहिला, आता बसला आहे. बरणीवर चिठ्ठी मुद्दामच लावली नाही. तुम्ही बाजारातून आणलात असं सांगा. कुठल्या दुकानातून विचारलं तर आठवत नाही म्हणा, तुमच्या वयाला ते शोभेल. आणि हनुवटीसाठी आत छोट्या डबीत गडद रंग वेगळा दिला आहे, तो ती फवारणीवाली विसरणार.

ता. ता. ता. क. लावल्यावर ते काय म्हणाले, ते कळवा. चांगलं म्हणाले तर शब्द न् शब्द लिहा, लांबलं तरी चालेल. नाहीतर नुसती गुडघ्याची हकीकत लिहा, मी समजेन.